ऑटो लोवी : मज्जातंतूंची भाषा उलगडणारा संशोधक

बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुका बालाघाटच्या डोंगररांगेवर वसला आहे. मांजरा नदीचा उगम याच तालुक्यातला. जमीन खडकाळ, पाऊस बेभरवशाचा, आणि दसरा-दिवाळी आटोपली की ऊसतोडीसाठी वाड्या-वस्त्या रिकाम्या होणाऱ्या. अशा मुलखात विंचू आणि मण्यार यांची ओळख कोणाला करून द्यावी लागत नाही. दगडांचा ढीग उपसताना, सरपण ओढताना, कडब्याची गंज मोडताना लाल विंचू नांगी मारतो. उसाच्या फडाशेजारी कोपीत भुईवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला मण्यार रात्री चावते, आणि पुष्कळदा चावल्याचे त्याला कळतही नाही.

या दोन विषांची तऱ्हा अगदी निराळी आहे. विंचू चढलेले मूल घामाने निथळते, त्याला उलट्या होतात, तोंडातून लाळ गळते, हातपाय बर्फासारखे गार पडतात, छाती धडधडू लागते आणि काही तासांत फुप्फुसात पाणी साठून ते गुदमरू शकते. मण्यार चावलेल्या माणसाला फारशी सूज नाही, वेदना नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मान धरवत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायूच काम सोडतात. एका विषाने शरीरात वादळ उठते, दुसऱ्याने शरीर निपचित पडते. पण दोन्ही विषांचा घाव अखेर एकाच ठिकाणी जाणवतो. मज्जातंतूचे टोक आणि त्याच्या पुढची पेशी यांच्यामध्ये एक अतिसूक्ष्म फट असते. त्या फटीत काय घडते, हे निर्विवाद प्रयोगाने प्रथम दाखवून दिले ते ऑटो लोवी या संशोधकाने. वैद्यकाच्या इतिहासात त्यांचे नाव एका स्वप्नामुळे गाजले. ते स्वप्न, त्यामागची वर्षे आणि त्यानंतर त्यांच्या वाट्याला आलेला वनवास, हे सारेच जाणून घेण्यासारखे आहे.

लोवी यांचा जन्म ३ जून १८७३ रोजी जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे एका सधन ज्यू कुटुंबात झाला. वडील द्राक्षमद्याचे व्यापारी होते. शाळेत लॅटिन, ग्रीक यांत मुलगा चमके. गणित आणि भौतिकशास्त्रात मात्र त्याची गाडी अडे. त्याला कलेचा इतिहास शिकायचा होता. घरच्यांना ते पोटापाण्याचे वाटेना. मुलाने डॉक्टर व्हावे असे त्यांच्या मनाने घेतले आणि १८९१ मध्ये लोवी स्ट्रासबुर्गच्या विद्यापीठात वैद्यकाच्या वर्गात दाखल झाले. आपल्याकडे आजही घरोघर घडणारी ही गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वीच्या फ्रँकफुर्टमध्येही तशीच घडत होती, हे वाचून गंमत वाटते.

वैद्यकाचे वर्ग चुकवून हा विद्यार्थी तत्त्वज्ञानाच्या आणि स्थापत्यकलेच्या व्याख्यानांना जाऊन बसे. पहिली वैद्यकीय परीक्षा त्याने कशीबशी पार केली. पुढे ओस्वाल्ड श्मीडेबर्ग यांच्यासारखा गुरू भेटला आणि मन रमले. श्मीडेबर्ग हे आधुनिक औषधिविज्ञानाच्या संस्थापकांपैकी एक. त्यांच्या हाताखाली लोवी यांनी पदवीचा प्रबंध लिहिला, तो बेडकाच्या हृदयावर काही विषारी द्रव्यांचा काय परिणाम होतो या विषयावर. शरीराबाहेर काढलेले बेडकाचे हृदय क्षारयुक्त पाण्यात बराच वेळ धडधडत राहते, हे तेव्हा ठाऊक झालेले होते. ती जुळणी लोवी यांच्या हाताला तेव्हापासून बसली. पंचवीस वर्षांनी तिचाच उपयोग व्हायचा होता.

१८९६ मध्ये पदवी मिळाल्यावर त्यांनी फ्रँकफुर्टच्या सार्वजनिक रुग्णालयात काम धरले. तेथे क्षयाचे आणि न्यूमोनियाचे रोगी एकामागून एक डोळ्यांदेखत मरत. डॉक्टरांच्या हाती इलाज नव्हता. या अनुभवाने तरुण लोवी खचले आणि रुग्णसेवा सोडून प्रयोगशाळेकडे वळले. हा पळपुटेपणा होता असे कोणी म्हणेल. परंतु खाटेशेजारी उभे राहून नुसते पाहत राहण्यापेक्षा औषध शरीरात नेमके काय करते हे शोधावे, असे त्यांना वाटले, आणि त्यांचे पुढचे आयुष्य पाहता त्यांनी योग्य तेच केले असे म्हणावे लागते. १८९८ मध्ये ते मारबुर्ग येथे हान्स होर्स्ट मायर यांचे सहायक झाले. प्राणी आपली प्रथिने साध्या घटकांपासून पुन्हा बांधू शकतो, हे त्यांनी १९०२ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवले. एवढ्या कामावरही त्यांचे नाव टिकले असते.

त्याच सुमारास ते इंग्लंडला गेले. तेथे हेन्री डेल यांच्याशी त्यांची ओळख झाली आणि त्या ओळखीची जन्मभराची मैत्री झाली. केंब्रिजमध्ये टी. आर. एलियट हा तरुण संशोधक भेटला. पुढे १९०४ मध्ये याच एलियट यांनी एक धाडसी कल्पना मांडली. काही मज्जातंतूंच्या टोकांतून ॲड्रेनॅलीन बाहेर पडत असावे, अशी ती कल्पना होती.

ही कल्पना धाडसी का, हे समजण्यासाठी त्या काळची समजूत ध्यानात घ्यायला हवी. मज्जातंतूतून विजेची लहर धावते हे सिद्ध झाले होते. तेव्हा तंतूचे टोक आले की हीच लहर स्नायूत किंवा हृदयात उडी मारत असणार, असे बहुतेकांना स्वाभाविक वाटे. तारायंत्राचे ते युग होते. शरीरही तारांनी जोडलेले आहे ही उपमा सहज पटे. पण एक अडचण होती. हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस या मज्जातंतूला उत्तेजन दिले की हृदय मंदावते, हे १८४५ पासून माहीत होते. दुसऱ्या, गतिवर्धक तंतूला उत्तेजन दिले की तेच हृदय वेगाने पळू लागते. दोन्ही तंतूंतील वीज सारखीच, मग परिणाम उलटे का? तंतूच्या टोकाशी निरनिराळी रसायने सुटत असतील तर कोडे सुटते. लोवी यांच्या मनात हा विचार १९०३ मध्ये एका मित्राशी बोलताना येऊन गेला होता. मात्र तो तपासायचा कसा हे सुचले नाही आणि विचार विस्मरणात गेला.

मधली वर्षे शांतपणे गेली. १९०५ मध्ये मायर यांच्याबरोबर ते व्हिएन्नाला गेले. १९०८ मध्ये रसायनशास्त्राचे प्राध्यापक गिडो गोल्डश्मिट यांची कन्या गिडा हिच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे त्यांना चार अपत्ये झाली. १९०९ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राट्स येथील विद्यापीठात ते औषधिविज्ञानाचे प्राध्यापक झाले. तेथेच त्यांनी आयुष्याची जवळजवळ तीस वर्षे काढली.

आता ते स्वप्न. लोवी यांनी नंतर सांगितलेली हकीकत अशी. ईस्टरच्या सुमाराची रात्र होती. मध्यरात्री त्यांना जाग आली, स्वप्नात एक प्रयोग दिसला होता. दिवा लावून त्यांनी एका चिठोऱ्यावर काही खरडले आणि ते पुन्हा झोपी गेले. सकाळी काहीतरी महत्त्वाचे लिहून ठेवले आहे एवढे आठवले, पण अक्षर काही केल्या लागेना. तो सबंध दिवस त्यांनी तळमळत काढला. दुसऱ्या रात्री तीन वाजता तेच स्वप्न पुन्हा पडले. या वेळी त्यांनी चिठोऱ्यावर भरवसा ठेवला नाही. उठले, थेट प्रयोगशाळा गाठली आणि उजाडण्याच्या आत प्रयोग करून टाकला. साल १९२० की १९२१, ईस्टर की त्याआधीचे काही दिवस, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. माणूस आपली आवडती गोष्ट वर्षानुवर्षे सांगत गेला की तपशील थोडेफार सरकतात. प्रयोगाचा निबंध मात्र १९२१ मध्ये छापून आला, त्यात शंका नाही.

प्रयोग इतका साधा, की शाळेतल्या मुलालाही समजावा. लोवी यांनी दोन बेडकांची हृदये काढली. पहिल्याचे मज्जातंतू शाबूत ठेवले, दुसऱ्याचे काढून टाकले. दोन्ही हृदये रिंगरच्या क्षारद्रावणात धडधडत होती. मग पहिल्या हृदयाच्या व्हेगसला त्यांनी काही मिनिटे विजेचे झटके दिले. अपेक्षेप्रमाणे ते हृदय मंदावले. त्यानंतर पहिल्या हृदयातील द्रावण काढून त्यांनी ते दुसऱ्यात घातले. या दुसऱ्या हृदयाला मज्जातंतूच नव्हता, विजेचा स्पर्शही झालेला नव्हता. तरीही ते मंदावले. पुढे गतिवर्धक तंतूला उत्तेजन देऊन तसेच केले, तेव्हा दुसरे हृदय जोराने पळू लागले. जे काही एका हृदयातून दुसऱ्यात गेले ते पाण्यात विरघळलेले होते. वीज ओतता येत नाही. रसायन ओतता येते. मंदावणाऱ्या द्रव्याला लोवी यांनी व्हेगसद्रव्य असे साधे नाव दिले, वेग वाढवणाऱ्याला गतिवर्धक द्रव्य.

लोवी यांनी पुढे एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली. हा प्रयोग आपण दिवसाउजेडी शांत डोक्याने योजला असता तर करून पाहिलाच नसता, असे ते म्हणत. तंतूच्या टोकाशी रसायन सुटलेच, तर ते तेथल्या तेथे पुरेल इतकेच सुटणार. द्रावणात उतरण्याइतके उरेल कशाला, असा तर्क कोणीही केला असता. नशिबाचाही त्यात वाटा होता. बेडकामध्ये मंदावणारे आणि वेग वाढवणारे तंतू एकाच दोरीत गुंफलेले असतात. थंडीच्या दिवसांत पहिल्यांचा जोर असतो, उन्हाळ्यात दुसऱ्यांचा. शिवाय थंड वातावरणात ते रसायन लवकर नष्ट होत नाही. इतर प्रयोगशाळांत अनेकांनी हा प्रयोग करून पाहिला आणि कित्येकांना तो साधला नाही. पाच वर्षे शंकेचे मळभ राहिले. अखेर १९२६ मध्ये स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत जमलेल्या तज्ज्ञांसमोर लोवी यांनी हा प्रयोग अठरा वेळा करून दाखवला. तेव्हा कोठे विरोध ओसरू लागला.

त्याच वर्षी त्यांनी आणि त्यांचे सहकारी नवरातील यांनी आणखी एक शोध लावला. हे नाव मराठी कानाला जवळचे वाटले तरी गृहस्थ ऑस्ट्रियातले होते. व्हेगसद्रव्य इतक्या झटपट नाहीसे का होते, तर शरीरात त्याचे तुकडे करणारे एक विकर असते. एसेरीन नावाच्या वनस्पतिजन्य विषाने हे विकर निकामी केले, की द्रव्य टिकून राहते आणि त्याचा परिणाम लांबतो. व्हेगसद्रव्य म्हणजे ॲसिटिलकोलीन हेही हळूहळू स्पष्ट झाले. डेल यांनी १९१४ मध्येच या रसायनाचे गुण वर्णिले होते. १९२९ मध्ये ते प्राण्याच्या शरीरात नैसर्गिकरीत्या सापडल्याचे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने दाखवले. हातापायांच्या स्नायूंना हुकूम पोचवणारे रसायनही तेच, हेही डेल यांच्याच प्रयोगशाळेत सिद्ध झाले. १९३६ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक या दोन मित्रांना विभागून मिळाले.

येथे थोडे थांबून आपल्या शिवाराकडे यायला हवे. ज्या विकराचा शोध १९२६ मध्ये ग्राट्समध्ये लागला, तेच विकर मोनोक्रोटोफॉससारखी कीटकनाशके बंद पाडतात. फवारणी करताना विषबाधा झालेला किंवा निराशेच्या भरात बाटली तोंडाला लावलेला शेतकरी जेव्हा ग्रामीण रुग्णालयात आणला जातो, तेव्हा त्याच्या शरीरात ॲसिटिलकोलीनचा पूर आलेला असतो. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छातीत स्राव भरतो, नाडी मंदावते. डॉक्टर त्याला ॲट्रोपीनची इंजेक्शने देतात. ॲट्रोपीन हे ॲसिटिलकोलीनचा परिणाम अडवते, आणि लोवी यांनी आपल्या बेडकांच्या हृदयांवर नेमके हेच पारखून पाहिले होते. मराठवाड्यातील किती घरांतील माणसे या एका औषधाने वाचली, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

नागाच्या विषाचेही तसेच. नागाच्या विषातील काही घटक स्नायूवर ॲसिटिलकोलीनची जी बैठक असते तिच्यावरच ठाण मांडून बसतात. रसायन येते, पण त्याला बसायला जागा नसते. स्नायू हलत नाही. अशा वेळी प्रतिविषाच्या जोडीला निओस्टिग्मीन देतात. हे एसेरीनच्याच कुळातले औषध. विकराला रोखून ते ॲसिटिलकोलीनचे प्रमाण वाढवते, म्हणजे उरल्यासुरल्या जागा तरी त्याला मिळतात. मण्यारीच्या दंशात मात्र हा उपाय सहसा चालत नाही, कारण तिचे विष फटीच्या अलीकडे, मज्जातंतूच्या टोकावरच घाला घालते. तेथील रसायनाचा साठा संपतो आणि टोकाचीच नासधूस होते. जे सुटतच नाही ते टिकवून काय उपयोग? प्रतिविष रक्तातले विष निकामी करते, एकदा बिघडलेले टोक ते दुरुस्त करू शकत नाही. नवे टोक तयार होईपर्यंत काही दिवस, कधी काही आठवडे जातात. तोवर रुग्णाला कृत्रिम श्वासावर जगवणे हाच मार्ग. म्हणूनच मण्यार चावलेल्या माणसाला मांत्रिकाकडे नेण्यात घालवलेला एकेक तास महाग पडतो.

लोवी यांच्या आयुष्यावरच विषाचा फेर पडला तो पारितोषिकानंतर दोनच वर्षांनी. मार्च १९३८ मध्ये हिटलरच्या फौजा ऑस्ट्रियात शिरल्या. त्याच रात्री हत्यारबंद नाझी तरुणांची टोळी लोवी यांच्या घरात घुसली. पासष्टीला टेकलेल्या प्राध्यापकांना त्यांनी झोपेतून उठवून तुरुंगात नेले. दोन धाकट्या मुलांनाही पकडण्यात आले. आपल्याला ठार मारणार याबद्दल लोवी यांना संशय नव्हता. त्या कोठडीत त्यांना चिंता लागली ती एका अपुऱ्या राहिलेल्या कामाची. नुकताच एक प्रयोग पुरा झाला होता आणि तो कोठे छापला गेला नव्हता. काही दिवसांनी त्यांनी पहारेकऱ्याला गळ घालून एक पोस्टकार्ड आणि लेखणी मिळवली, प्रयोगाचा सारांश त्यावर लिहिला आणि तो एका जर्मन विज्ञान नियतकालिकाकडे पाठवला. कार्ड टपालात पडले तेव्हा त्यांना हायसे वाटले. मरणाच्या छायेतही ज्याला पोस्टकार्डाची आठवण होते त्याला काय म्हणावे! असल्या माणसांना बाहेरचे जग विक्षिप्त म्हणते.

सुमारे दोन महिन्यांनी त्यांची सुटका झाली. मात्र देश सोडण्याची परवानगी फुकट मिळाली नाही. नोबेल पारितोषिकाची रक्कम स्टॉकहोमच्या बँकेत होती. ती नाझींच्या ताब्यातील बँकेकडे वळवण्याच्या आदेशावर त्यांना सही करावी लागली. मालमत्ता गेली, प्रयोगशाळा गेली. सप्टेंबर १९३८ मध्ये ते रित्या हाताने लंडनला पोचले. पत्नीला मात्र मागेच अडकवून ठेवण्यात आले. इटलीतील तिच्या नावची मालमत्ता हाती लागावी म्हणून तिच्यावर दडपण होते. ती पतीला पुन्हा भेटली १९४१ मध्ये.

इंग्लंडमध्ये डेल यांनी मित्राला आधार दिला. काही काळ ब्रसेल्सला, मग ऑक्सफर्डला, असे दिवस काढून १९४० मध्ये लोवी न्यूयॉर्क विद्यापीठात संशोधक प्राध्यापक म्हणून रुजू झाले. बोटीवरून उतरताना एक मजेदार, खरे तर मन विषण्ण करणारा प्रसंग घडला. लंडनमधील अमेरिकी वकिलातीच्या डॉक्टरने दिलेला दाखला अधिकाऱ्यापुढे पडला होता. वृद्धत्वाने दुबळा, स्वतःचे पोट भरण्यास असमर्थ, अशा अर्थाचा शेरा त्यावर लोवी यांना दिसला. अधिकाऱ्याने सुदैवाने त्याकडे काणाडोळा केला आणि त्यांना आत सोडले. असमर्थ ठरवलेला हा माणूस पुढे एकवीस वर्षे जगला. त्याने विद्यार्थी शिकवले, उन्हाळ्यात वूड्स होल येथील समुद्रकाठच्या संशोधन केंद्रात तरुणांच्या घोळक्यात बसून गप्पा मारल्या, संगीत ऐकले, चित्रे पाहिली. १९४६ मध्ये त्यांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. पत्नी १९५८ मध्ये निवर्तली. २५ डिसेंबर १९६१ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.

रसायन सुटते हे लोवी यांनी दाखवले, ते कसे सुटते हे त्यांना दिसले नाही. त्या कामाला हात घातला बर्नार्ड काट्झ यांनी. हेही लाइपझिगमधून १९३५ मध्ये परागंदा झालेले ज्यू. रसायन थेंबाथेंबाने, ठरावीक मापाच्या पुड्यांत बाहेर पडते, हे त्यांनी १९५० च्या दशकात दाखवले. १९७० मध्ये त्यांनाही नोबेल मिळाले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मज्जातंतूच्या टोकाशी चिमुकल्या पिशव्या दिसू लागल्या होत्याच. या पिशव्या म्हणजेच त्या पुड्या, याचा एक भक्कम पुरावा पुढे आला तो एका कोळ्याच्या विषातून.

हा कोळी म्हणजे काळी विधवा या नावाने कुप्रसिद्ध असलेली जात. भूमध्य समुद्राभोवतालच्या देशांत सुगीच्या दिवसांत शेतमजुरांना तिचा दंश होई आणि ते स्नायूंच्या पेटक्यांनी, घामाने, वेदनांनी तळमळत. १९७० च्या सुमारास संशोधकांनी तिचे विष बेडकाच्या स्नायूवर घातले. पुन्हा बेडूकच! रसायनाच्या पुड्या एकदम धो धो सुटू लागल्या आणि मग सारे थंडावले. टोकाकडे पाहिले तर पिशव्या जवळजवळ नाहीशा झालेल्या. १९७६ मध्ये या विषातला कर्ता घटक वेगळा काढण्यात आला; त्याला अल्फा-लॅट्रोटॉक्सिन म्हणतात. या प्रथिनाचे चार रेणू एकत्र येऊन मज्जातंतूच्या आवरणात भोक पाडतात. त्यातून कॅल्शियम आत घुसते आणि एरवी विजेच्या लहरीची वाट पाहणाऱ्या पिशव्या हुकमाशिवायच रिकाम्या होऊ लागतात. हे विष तंतूच्या टोकाला कोठे चिकटते याचा माग काढताना थॉमस स्यूडहोफ यांच्या गटाला १९९० च्या दशकाच्या आरंभी न्यूरेक्सिन ही प्रथिने सापडली. मज्जातंतूंची टोके एकमेकांशी जोडण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. पिशव्या कशा सुटतात याचा उलगडा केल्याबद्दल स्यूडहोफ यांना २०१३ मध्ये इतर दोघांसह नोबेल मिळाले.

आपल्या शिवारात भीती कोळ्याची नसते, विंचवाची असते. लाल विंचवाचे विष मज्जातंतूच्या आवरणातील सोडियमची दारे बंद होऊ देत नाही. तंतू थांबेनासा होतो, लहरीमागून लहर धावते आणि टोकाशी रसायनांचा भडिमार होतो. आरंभीचा घाम, लाळ, उलट्या हे ॲसिटिलकोलीनचे काम. मागून येणारे गार हातपाय, चढलेला रक्तदाब, थकून जाणारे हृदय हे ॲड्रेनॅलीन आणि नॉरॲड्रेनॅलीनचे. म्हणजे ग्राट्सच्या त्या पहाटे लोवी यांनी दोन भांड्यांत वेगवेगळी पाहिलेली द्रव्ये विंचू चावलेल्या मुलाच्या शरीरात एकाच वेळी उसळलेली असतात. एकनाथांनी भारुडात विंचवाला विकारांचे रूपक केले, ते या मुलखात लोकांना चटकन पटले यात नवल नाही. अंगाची ती लाहीलाही सर्वांनी पाहिलेली असते.

हे कोडे रुग्णाच्या खाटेशेजारी सोडवले ते मराठवाड्याच्याच एका डॉक्टरने. जालना जिल्ह्यातील देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात तेव्हा गंभीर लक्षणे असलेल्या विंचूदंशाच्या रुग्णांपैकी शंभरामागे तीस-चाळीस दगावत. रात्र रात्र खाटेशेजारी बसून त्यांनी नाडी, रक्तदाब, घाम यांच्या नोंदी ठेवल्या. १९८२ मध्ये त्या लंडनच्या लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाल्या. ॲड्रेनॅलीनसारख्या द्रव्यांनी रक्तवाहिन्या आवळतात आणि त्याविरुद्ध रक्त ढकलताना हृदय हरते, हे ध्यानात आल्यावर त्यांनी रक्तदाबावरील प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी वापरून पाहिली. ही गोळी रक्तवाहिन्यांवरील त्या द्रव्यांची बैठकच अडवते. डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी १९८६ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले, आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. पुढे विंचवाच्या विषावरील प्रतिविषही उपलब्ध झाले. प्राझोसिनला त्याची जोड दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, हे त्यांच्याच २०११ मधील अभ्यासात दिसले. २०२२ मध्ये डॉ. बावस्कर यांना पद्मश्री देण्यात आली.

लोवी कधी हिंदुस्थानात आले नाहीत. लाल विंचू त्यांनी पाहिला असण्याचाही संभव कमी. उन्हाळ्याच्या अखेरीस, पावसाच्या तोंडावर, बालाघाटच्या दगडांखालचे विंचू बाहेर पडू लागतात. ज्या आरोग्य केंद्रात प्राझोसिनच्या गोळ्या आणि त्या केव्हा द्यायच्या हे जाणणारे कोणी असेल, तेथे रात्री आणलेले मूल बहुधा सकाळी आपल्या पायांनी घरी जाते.